बैलबंडीचे ड्राइव्ह-इन

बैलबंडीचे ड्राइव्ह-इन म्हणजे असा रात्रीचा खेळ, ज्याला प्रेक्षक स्वतःच्या वाहनातून येतो, वाहनात बसून नाहीतर वाहनाला टेकून खेळ पाहतो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो आणि पहाटे त्याच वाहनातून घरी जातो. हा प्रकार भंडारा जिल्ह्यात, आणि एकूणच पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत, चांगला रुजलेला आहे. तिथले लोक मात्र त्याला या नावाने ओळखत नाहीत. ते 'मंडईला चाललो' किंवा 'पटाला चाललो' एवढेच सांगतात. कुठल्या वाहनाने, हे सांगण्याची गरज पडत नाही, कारण वाहनाच्या गळ्यातल्या घाट्या धानाच्या दोन बांध्या पलीकडूनच ऐकू येतात.

जगाच्या इतिहासात या कल्पनेचे श्रेय रिचर्ड हॉलिंग्सहेड या अमेरिकन गृहस्थांना मिळाले. त्यांच्या आईला थिएटरच्या अरुंद खुर्चीत नीट बसता येत नसे, अशी कथा सांगतात. न्यू जर्सीतल्या आपल्या घरी त्यांनी मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना पडदा ठोकला आणि पाऊस आला तर काय होईल हे पाहायला हिरवळीवरचा फवारा मोटारीवर सोडला. १६ मे १९३३ रोजी त्यांना पेटंट मिळाले आणि ६ जूनला कॅम्डेनजवळ पहिले ड्राइव्ह-इन सुरू झाले. दर होता मोटारीमागे २५ सेंट आणि शिवाय माणशी २५ सेंट. म्हणजे माणसाइतकेच तिकीट वाहनालाही होते. भंडारा जिल्ह्यात बैलाला तिकीट लावण्याची हिंमत कोणत्या गावाच्या मंडळाने केल्याचे ऐकिवात नाही. बैल हा इथे पाहुणा असतो, आणि पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी तर तो नवरदेव असतो.

हॉलिंग्सहेड यांच्या पेटंटाचा गाभा पडद्यात नव्हता, जमिनीत होता. मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तर मागच्याला पुढच्याचे टपच दिसणार. म्हणून त्यांनी जमिनीला अर्धवर्तुळाकार वरंबे घातले आणि प्रत्येक मोटारीचे नाक थोडे वर उचलले. भंडाऱ्याच्या धानशेतीत ही सोय आयतीच आहे. इथली जमीन बांध्याबांध्यांची असते. प्रत्येक बांधी स्वतःपुरती सपाट, पण शेजारच्या बांधीपेक्षा वीतभर वर किंवा वीतभर खाली, आणि दोहोंच्या मध्ये धुरा, म्हणजे बांध. पाणी साठवण्यासाठी केलेली ही रचना रात्री बाल्कनीचे काम करते. पुढे १९४९ साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने हॉलिंग्सहेड यांचे पेटंट रद्दबातल ठरवले. जमिनीला उतार देऊन मागच्याला दिसेल अशी सोय करणे हा काही शोध नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. भंडाऱ्यातल्या साकोलीच्या बाजूच्या कोणत्याही शेतकऱ्याने हा निकाल सोळा वर्षे आधी आणि फी न घेता दिला असता.

या खेळांचा हंगाम धानाच्या हिशेबाने चालतो. दिवाळीपर्यंत हलके धान कापून होते, भाऊबीज झाली की मंडया लागतात. मंडई म्हणजे एका गावाने एका दिवसापुरता भरवलेला बाजार, जत्रा आणि सोयऱ्यांचे संमेलन. दिवसा दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे खेळ, रात्री नाटक. प्रत्येक गावाचा दिवस बहुधा ठरलेला असतो आणि शेजारची गावे तो शक्यतो सांभाळतात, कारण दोन गावांची मंडई एकाच दिवशी आली तर जावयाने कोणत्या सासुरवाडीला जायचे हा प्रश्न उभा राहतो. एकच सासुरवाडी असलेल्या जावयालासुद्धा हा प्रश्न पडतो, कारण त्याच्या मामाचे गावही जवळच असते आणि तिथला चिवडा चांगला असतो.

थंडी वाढली की मंडईची जागा शंकरपट घेतात. शंकरपट ही बैलजोड्यांची शर्यत. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत म्हणतात तिचे वैदर्भी भावंड, पण स्वभावाने निराळे. इथे जोडीची वेळ सेकंदात मोजतात, आणि जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. सगळा पराक्रम काही सेकंदांत संपतो. मात्र त्या काही सेकंदांसाठी चाळीस गावांची माणसे जमतात, आणि एवढी माणसे जमल्यावर त्यांना संध्याकाळी पाचला घरी पाठवणे हे झाडीपट्टीच्या पाहुणचारात बसत नाही. म्हणून रात्री नाटक. दिवसा बैल धावतात आणि माणसे बघतात, रात्री माणसे धावतात, रडतात, खून करतात आणि बैल रवंथ करत बघतात. जगातल्या दुसऱ्या कोणत्या ड्राइव्ह-इनमध्ये वाहनाला असा दुहेरी मान असल्याचे आढळत नाही.

जागा निवडण्याचे काम दिसते तेवढे सोपे नाही. धान कापलेली प्रत्येक बांधी मोकळी असतेच असे नाही. पूर्व विदर्भात उभ्या धानातच, जमिनीत ओल असताना, लाखोळी हे कडधान्य फेकून पेरण्याची पद्धत आहे. तिला उतेरा म्हणतात. धान कापले की खाली लाखोळीचे हिरवे अंकुर तयार असतात. नाटकासाठी बांधी मागायला आलेल्या मंडळाला जो शेतकरी 'माझ्या वावरात लाखोळी आहे' असे सांगतो, तो खरेच बोलतो की गेल्या वर्षी प्रेक्षकांनी वावरात केलेल्या चुलखंडांची आठवण ठेवून बोलतो, हे मंडळाला वाकून पाहावे लागते. बांधी मिळाली की धानाचे उरलेले बुडखे कुदळीने खरडतात, ढेकळे फोडतात आणि वर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरतात. काही ठिकाणी प्रेक्षकांची जागा खणून खोलगट करतात आणि निघालेली माती रंगमंचाच्या चौथऱ्याला वापरतात. एकाच खड्ड्यातून बैठक आणि रंगमंच असे दोन्ही निघतात. वास्तुशास्त्रात हा काटकसरीचा उत्तम नमुना मानायला हरकत नाही. पाऊस आला तर त्याच खड्ड्यात तळे निघते. तलावांच्या जिल्ह्यात तेही फारसे कोणाला नवल वाटण्यासारखे नाही.

आता वाहन. भंडाऱ्यात बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडी मुळात शेणखत, धानाचे भारे आणि पोती वाहण्यासाठी असते. माणसे वाहण्यासाठी हलकी रेंगी किंवा छकडा असतो, पण त्यात फार तर नवरा, बायको आणि एक मूल मावते. मंडईला जाणाऱ्या कुटुंबाचा आकार तो नसतो. म्हणून खताचीच बंडी धुऊन, तिच्यात हातभर तणस घालून, वर बोऱ्या आणि त्यावर वाकळ अंथरतात. ही जगातली सर्वांत सुखाची आसनव्यवस्था आहे, याबद्दल तिच्यात झोपलेल्या कोणाचेही दुमत नाही. शिवाय आसन खाण्याजोगे असते. रात्री बैलांना भूक लागली की प्रवाशांच्या खालचे तणस काढून त्यांना घालतात. रात्र सरते तसे आसन पातळ होत जाते आणि पहाटे परतताना प्रत्येक दगडाची खबर पाठीला मिळते.

बंडीच्या कलाचा प्रश्न मात्र किचकट आहे. बैल सोडले की जू जमिनीला टेकते आणि बंडी पुढे झुकते. अशा बंडीत बसलेला माणूस हळूहळू घसरत जुवाकडे जातो. उलट मागे वजन जास्त झाले की बंडी उलाळ होते, म्हणजे जू आकाशाकडे आणि प्रवासी जमिनीकडे. पेटंटात सांगितलेला वाहनाचे नाक उचलण्याचा परिणाम इथे कोणत्याही वरंब्याशिवाय साधतो, फक्त त्याचे प्रमाण हाती राहत नाही. त्यासाठी जुवाखाली लाकडाचा टेकू देतात आणि प्रवाशांची मांडणी वजनाप्रमाणे करतात. पोरे पुढे, बाया मधे, मामाजी मागे. रंगात आलेल्या प्रवेशाच्या वेळी मामाजी पान थुंकायला खाली उतरले की बंडी धाडकन पुढे येते आणि पुढची तीन पोरे नाटकाच्या अधिक जवळ पोचतात.

बंड्या लावण्याचा क्रम कोणी ठरवून देत नाही, तरी त्याचे नियम सगळ्यांना ठाऊक असतात. आधी येणारा पुढे लावतो. उशिरा येणारा त्याच्याही पुढे लावतो आणि नाते काढतो. नाते निघाले नाही तर आवाज निघतो. एकीकडून हाक येते, 'मामाजी, बंडी थोडी मांगं घ्या ना जी!' आणि दुसरीकडून उत्तर जाते, 'बैल सोडले ना जी आता!' बैल सोडले हे वाक्य अखेरचे असते. मोटारीचे इंजिन बंद केले आहे, असे सांगून अमेरिकेत कोणाची सुटका झाली नसती. पण सोडलेला बैल पुन्हा जुंपायला लावणे हे पाप आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य असल्यामुळे भांडण तिथेच थांबते. वाहनांच्या दिव्यांचा प्रश्नही असाच सुटलेला आहे. अमेरिकन ड्राइव्ह-इनमध्ये उशिरा आलेल्याने दिवे लावून आत शिरणे हा मोठा अपराध असे. बंडीच्या बुडाला टांगलेला कंदील मुळातच इतका मंद असतो की तो स्वतःलाच कसाबसा दिसतो.

इथे एक खुलासा करणे भाग आहे. बंडीत बसून खेळ पाहणे सगळ्याच ठिकाणी जमत नाही. दंडार, खडी गंमत किंवा सरकारी फिल्म यांसारख्या फुकट आणि उघड्यावरच्या खेळांना बंड्या मागच्या बाजूला अर्धवर्तुळात उभ्या राहतात आणि माणसे तिथूनच पाहतात. तिकिटाच्या नाटकाला मात्र चहूबाजूंनी कनाती लागतात आणि बंडी बाहेर राहते. मग तिचे काम बदलते. ती घराचे ठाणे होते. आजी आणि झोपलेली पोरे तिच्यात, डबे तिच्यात, बैल तिच्या चाकाला बांधलेले, आणि नाटक बघणारे दर दोन प्रवेशांनी येऊन कथा कुठवर आली ते आजीला सांगून जाणारे. आजीचे नाटक अशा रीतीने बातम्यांच्या स्वरूपात पार पडते. दुसऱ्या दिवशी गावात सर्वांत भरवशाची समीक्षा तीच करते, कारण वेशभूषा आणि नाच यांच्यामुळे तिचे मत बिघडलेले नसते.

झाडीपट्टीच्या नाटकाला समजून घेतल्याशिवाय या रात्रीची लांबी समजत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख. गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, पण मंडईच्या पाहुण्यांना ही विभागणी अजून कोणी समजावून सांगितलेली नाही. नाट्यमंडळांचे मुख्य ठाणे वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, हे लाखांदूर तालुक्याच्या दक्षिणेला लागूनच आहे. दिवाळी ते होळी हा हंगाम. गावाचे मंडळ ठरलेली रक्कम देऊन नाटक आणते, तिकिटे स्वतः विकते आणि फायदा झाला तर देवळाला, शाळेला किंवा पुढच्या वर्षीच्या नाटकाला लावते. या रंगभूमीवर आयुष्य घालवणारे गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या बऱ्याच नाट्यरसिकांना झाडीपट्टी नावाची काही चीज असल्याचे कळले. चीज मात्र तोपर्यंत रोज रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपत आली होती.

नाटकाची जाहिरात दहाला सुरू होण्याची असते. भंडारा मुंबईच्या बऱ्याच पूर्वेला असल्यामुळे इथे सूर्य मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहालाच अंधारते. अमेरिकेत १९६६ सालच्या एका कायद्याने उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करण्याची पद्धत देशभर एकसारखी केली. त्यामुळे उन्हाळ्यात अंधार तासभर उशिरा पडू लागला आणि ड्राइव्ह-इनच्या मालकांचे दिवाळे निघण्याला तेही एक कारण झाले. भंडाऱ्याच्या मंडळांना निसर्गाने उलट अर्धा तास बक्षीस दिला आहे. तो अर्धा तास मंडळे सत्काराला खर्च करतात. सरपंच, माजी सरपंच, आजी-माजी सभापती, भावी आमदार आणि बांधी देणारा शेतकरी यांना शाल-श्रीफळ देऊन होईपर्यंत साडेअकरा वाजतात. भावी आमदारांची संख्या निवडणुकीच्या वर्षी वाढते आणि नांदी त्या प्रमाणात पुढे जाते.

आवाज ही दोन्ही परंपरांची दुखरी बाजू. अमेरिकेत सुरुवातीला पडद्याजवळ मोठे कर्णे लावत. त्यामुळे पुढच्याला कानठळ्या आणि मागच्याला उशीर, कारण आवाज मोटारीपर्यंत पोचायला वेळ घेई आणि नटाचे ओठ मिटल्यावर वाक्य ऐकू येई. शिवाय शेजारी तक्रार करत. १९४० च्या दशकात मोटारीच्या काचेला अडकवायचे छोटे स्पीकर आले. मग लोक खेळ संपल्यावर ते काढायचे विसरून तारेसकट घेऊन जाऊ लागले. पुढे आवाज रेडिओवरून सोडायची युक्ती निघाली. भंडाऱ्यात भोंगा लावतात आणि विषय संपतो. भोंगा घरी नेता येत नाही, आणि शेजारच्यांची तक्रार येत नाही, कारण शेजारचे सगळे नाटकाला आलेले असतात. मोठ्या मंडईला किंवा पटाला एकाच गावात एकाच रात्री दोन, तीन, कधी त्याहूनही जास्त नाटके लागतात. मल्टिप्लेक्स हा शब्द भारतात येण्याच्या फार आधीची ही सोय. फरक एवढाच की मल्टिप्लेक्समध्ये भिंती असतात. इथे कनाती असतात, आणि कनातीला आवाज अडवण्याचे शिक्षण नसते. त्यामुळे एका मंडपात आई मरणशय्येवर असताना शेजारच्या मंडपातली लावणी तिच्यावर येऊन पडते. मुरलेला नट शेजारची ढोलकी थांबेपर्यंत प्राण सोडत नाही.

सिनेमा या व्यवस्थेत नंतर आला आणि पाहुण्यासारखा आला. जत्रेतला तंबूचा सिनेमा, म्हणजे टुरिंग टॉकीज, महाराष्ट्रभर फिरला. त्याच्या अखेरच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. त्याखेरीज केंद्र सरकारच्या क्षेत्रीय प्रचार खात्याची गाडी गावोगाव यायची. ती शाळेच्या भिंतीवर किंवा दोन बांबूंना ताणलेल्या पडद्यावर १६ मिलिमीटरची फिल्म दाखवायची. विषय धरणाचा, खताचा किंवा कुटुंब नियोजनाचा. कुटुंब नियोजनाची फिल्म एका बंडीतून नऊ मुलांसह पाहणारे कुटुंब हे त्या काळातले नेहमीचे दृश्य होते. 'दो या तीन बस' या सल्ल्यावर घरातल्या चौथ्यापासून पुढच्या मुलांना काय वाटत असेल, याचा विचार खात्याने केलेला दिसत नाही.

पडदा कापडाचा असल्यामुळे तो दोन्हीकडून दिसतो, हा शोध मात्र प्रेक्षकांचा. पुढची जागा भरली की उशिरा आलेल्या बंड्या पडद्याच्या मागच्या बाजूला लागत. तिथून चित्र उलटे, म्हणजे डावे-उजवे बदललेले दिसते. सगळे नायक डावखुरे, सगळ्या मोटारी रस्त्याच्या चुकीच्या बाजूने जाणाऱ्या, आणि नावांची पाटी कोणत्याही भाषेत सारखीच अगम्य. वाचता न येणाऱ्याचे यात काही नुकसान नव्हते. मागची बाजू फुकट असते, हा तिचा खरा गुण होता. १९८० च्या दशकात गणपतीत आणि शारदा उत्सवात भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर आला, तेव्हा हा वर्ग अनाथ झाला. टीव्हीच्या मागच्या बाजूने काहीच दिसत नाही. एका रात्रीत तीन हिंदी चित्रपट, मधूनमधून बंद पडणारे जनरेटर आणि वीस इंची पडद्यापुढे अख्खे गाव, असा तो काळ. बंडी फार जवळ आणावी लागे आणि बैलाची शिंगे खलनायकाच्या डोक्यावर दिसत.

खाण्याच्या बाबतीत अमेरिकन ड्राइव्ह-इनचा मालक तिकिटापेक्षा पॉपकॉर्न आणि सॉसेजवर जास्त कमवत असे. भंडाऱ्यात ही कमाई विखुरलेली आहे. मुरमुरे, चिवडा, आलूबोंडे आणि जिलेबी यांची दुकाने असतातच. या हंगामाचा खास माल म्हणजे शिंगाडे. जिल्ह्यातल्या तलावांतून काढलेले, उकडून काळे पडलेले शिंगाडे टोपलीने विकायला येतात. शिंगाडा हे अंधारात खाण्याचे फळ नव्हे. त्याला काटे असतात आणि सोलायला दात लागतात. तरी नाटकात खलनायक दिसला की लोक शिंगाडा जास्त जोराने फोडतात, आणि टरफले कुठे टाकावीत यावर एकमत नसल्यामुळे ती पुढच्या बंडीत जातात. पॉपकॉर्नने कोणाला रक्त निघत नाही, एवढा एक मुद्दा अमेरिकेच्या बाजूने मान्य करायला हवा. जागे राहण्यासाठी चहा, आणि ज्यांना चहाने भागत नाही त्यांच्यासाठी तंबाखूचा खर्रा. बैलांना ढेप, म्हणजे पेंड. चहा, खर्रा आणि ढेप यांची वेळ एकच असते, पहाटे दोन. त्या वेळी रंगमंचावर विनोदी पात्र येते. ते तसे ठरवूनच ठेवलेले असते.

अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती. आज तीनशेच्या आसपास उरली आहेत. पेन्सिल्व्हेनियातले १९३४ साली सुरू झालेले शँकवायलर्स हे त्यांतले सर्वांत जुने चालू ड्राइव्ह-इन. रंगीत टीव्ही आला, व्हिडिओ आला, मोटारी लहान झाल्या, ही कारणे आहेतच. पण मुख्य कारण जमीन. शहराबाहेरच्या पंधरा-वीस एकरांवर वर्षातले काही महिने रात्री तीन तास सिनेमा दाखवण्यापेक्षा ते एकर दुकानांना विकणे मालकाला परवडू लागले. मुंबईत वांद्र्याला असलेले ड्राइव्ह-इन याच वाटेने गेले. अहमदाबादचे १९७३ सालचे ड्राइव्ह-इन मात्र तग धरून राहिले. २०२१ च्या नोव्हेंबरात वांद्रे-कुर्ला संकुलात पुन्हा एक सुरू झाले, तेही इमारतीच्या गच्चीवर, २९० मोटारींचे. जमिनीवर परवडत नाही म्हणून ड्राइव्ह-इन छपरावर गेले. मोटारी रॅम्पवरून वर चढतात. बैल जिना चढत नसल्यामुळे भंडाऱ्याला हा मार्ग बंद आहे.

भंडाऱ्यात जागेचा पेच वेगळा आहे. इथे बांधी नाटकासाठी एक रात्र वापरली जाते आणि जूनपासून पुन्हा धानाला जाते, त्यामुळे तिला विकायचा प्रश्न नाटकामुळे येत नाही. पेच पाण्यामुळे येतो. गोसीखुर्द आणि बावनथडी या प्रकल्पांचे पाणी जिथे पोचले तिथे जानेवारीत उन्हाळी धानाची रोवणी होते. जिथे पूर्वी माघात मंडप पडायचा तिथे आता चिखल असतो. सिंचन वाढावे म्हणून उपोषणे झाली, मोर्चे निघाले, पाणी आले आणि नाटकाला जागा राहिली नाही. यावर कोणी मोर्चा काढलेला नाही. काढला तर त्यात घोषणा काय द्यायच्या हा प्रश्न पडेल.

दुसरा पेच बैलांचा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतींवरही बंदी घातली. शंकरपट थांबले, आणि पटाच्या रात्रीची नाटकेही अडचणीत आली. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, ती पुन्हा न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. या सात-आठ वर्षांत बऱ्याच घरच्या जोड्या विकल्या गेल्या आणि त्या जागी ट्रॅक्टर आले. पट परत सुरू झाले तेव्हा पटाचे बैल पिकअप गाडीत बसून शर्यतीला येऊ लागले. म्हणजे जे एकेकाळी वाहन होते ते आता प्रवासी झाले आहे, आणि त्याला बहुधा खिडकीजवळची जागा मिळते.

माणसे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतात. ट्रॉलीत तणस, त्यावर बोऱ्या आणि वाकळ हे सगळे जसेच्या तसे आहे. ट्रॉलीत बंडीच्या चौपट माणसे मावतात, त्यामुळे आता कुटुंबाऐवजी मोहल्ला येतो. ती उलाळ होत नाही, हा तिचा फायदा. तिला ढेप लागत नाही, डिझेल लागते, हा तिचा तोटा, कारण ढेप घरची असते. तरुण मंडळी मोटारसायकलवर येतात. एका मोटारसायकलवर तिघे, अंगावर एकच शाल, आणि पहिल्या अंकानंतर मोबाइलच्या उजेडात गाडी शोधण्याचा कार्यक्रम. मोटारसायकलवर झोपता येत नाही. त्यामुळे ती खऱ्या अर्थाने या परंपरेत बसत नाही.

जी बंडी अजून येते, ती खेळ संपल्यावर पाच-साडेपाचला निघते. धुके असते, गवतावर दव असते, तणस संपलेले असते. मामाजी जुवाजवळ बसून कासरा हातात धरतात आणि पहिल्या नाल्यापर्यंत जागे राहतात. त्यानंतर बंडी बैल चालवतात. बैलाला घरचा गोठा ठाऊक असतो, वळणे ठाऊक असतात, समोरून बंडी आली तर बाजूला कसे व्हायचे हेही ठाऊक असते. चालकाशिवाय चालणाऱ्या मोटारीसाठी जगभर प्रयोग चालू आहेत, त्यांना अजून न जमलेल्या बऱ्याच गोष्टी ही जोडी झोपेच्या भरात करते. अडचण येते ती फक्त जोडी नवी असेल तेव्हा. महिन्याभरापूर्वी बाजारातून आणलेले बैल फाट्यावर जुन्या सवयीने वळतात, आणि उजाडताना सगळे कुटुंब आधीच्या मालकाच्या आंगणात जागे होते. तो घाबरत नाही. चुलीवर चहा ठेवतो, बैलांच्या पाठीवरून हात फिरवतो आणि नाटक कसे झाले ते विचारतो. आजी सांगायला लागते.